वर चढणारी माफी

आपल्याकडे माफी नेहमी वर चढते. कारकून साहेबांची माफी मागतो, विद्यार्थी शिक्षकांची मागतो, सून सासूबाईंची मागते. संक्रांतीला धाकटा भाऊ थोरल्याच्या घरी जातो, वाकून नमस्कार करतो आणि वर्षभराचा अबोला तिळगुळाच्या वडीवर मिटतो. त्या अबोल्याचे मूळ थोरल्याच्याच एखाद्या बोलण्यात असले, तरी जिना चढून जायचे ते धाकट्यानेच. खालच्या दिशेने जे येते, त्याला आपण माया म्हणतो, दया म्हणतो, मोठे मन म्हणतो. साहेब कारकुनाला चहा पाजतात, सासूबाई सुनेसाठी साडी आणतात, थोरला भाऊ पुतण्याची फी भरून टाकतो. या साऱ्यात खोटे काहीच नसते. पण ज्याची माफी मागायला हवी होती त्याच्यावर दया करायची आणि तेवढ्याने हिशेब मिटला असे धरून चालायचे, ही सवय आपल्यात खोल रुजली आहे. गेली काही वर्षे ती मला अधिकाधिक खटकू लागली आहे, म्हणून हा लेख.

तसे पाहिले तर पुण्यात माफीचा तुटवडा नाही. खणून ठेवलेल्या रस्त्याच्या कडेला ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असा फलक उभा असतो. ही माफी कोण मागत आहे ते त्यावर लिहिलेले नसते, खड्डा कधी बुजणार तेही नसते, आणि काम संपल्यावरही फलक तसाच उभा राहिला, तर ही क्षमा नेमकी कशाची, असा प्रश्न पडतो. पाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरातली ही सर्वांत सभ्य पाटी, आणि सर्वांत निरुपयोगीही. तिचाच भाऊ शोभेल असा आणखी एक प्रकार वर्तमानपत्रांत सापडतो. ‘माझ्या बोलण्याने कोणाच्या भावना दुखावल्या असतील, तर मी दिलगिरी व्यक्त करतो.’ या वाक्यातला ‘तर’ सगळी माफी गिळून टाकतो, कारण दुखावले जाणे ही समोरच्याची खोड ठरते आणि बोलणारा अलगद सुटतो.

‘तर’ न वापरता मागितलेल्या माफीचे एक मोठे उदाहरण याच शहराच्या इतिहासात आहे आणि ते अडचणीचे आहे, म्हणूनच त्यावर थांबावेसे वाटते. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. साथ आटोक्यात आणण्यासाठी सरकारने वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली आणि घरोघर तपासणी करण्याचे काम गोऱ्या सैनिकांकडे दिले. पेठांमधल्या वाड्यांत सैनिक शिरत, स्वयंपाकघर आणि देवघर पाहिल्याशिवाय बाहेर पडत नसत, आजाराचा संशय आला की माणसाला घरातून उचलून नेत. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला ते गेले होते, वय अवघे एकतीस. पुण्यातल्या स्नेह्यांची पत्रे त्यांना तिथे येत होती. त्या पत्रांच्या आधारे त्यांनी एका इंग्रजी वृत्तपत्राला सांगितले की, सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांपैकी एकीने पुढे आत्महत्या केली. पार्लमेंटमध्ये प्रश्न उपस्थित झाले, मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला आणि पुरावा द्या, असे आव्हान गोखल्यांपुढे उभे राहिले.

जुलैच्या अखेरीस ते मुंबईला परतले, तोवर इकडचे वातावरण पार बदलून गेले होते. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती, आणि ज्यांनी पत्रे लिहिली होती ते पुढे येऊन बोलायला तयार नव्हते. गोखल्यांपुढे दोन सोपे मार्ग होते. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे जाहीर करून ‘मला असे कळवण्यात आले होते’ म्हणत अंग काढून घेता आले असते, किंवा गोलमोल दिलगिरी व्यक्त करून वेळ मारून नेता आली असती. त्यांनी दोन्ही केले नाही. न्यायमूर्ती रानड्यांशी विचारविनिमय करून त्यांनी गव्हर्नर, प्लेग समिती आणि सैनिक यांची बिनशर्त माफी जाहीरपणे मागितली आणि नावे अखेरपर्यंत स्वतःपाशी ठेवली. पुण्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. भित्रेपणापासून देशद्रोहापर्यंतचे शब्द वापरले गेले आणि काही काळ सार्वजनिक जीवनात ते जवळपास एकटे पडले. साथ पुन्हा आली तेव्हा मात्र ते स्वयंसेवकांबरोबर रुग्णांसाठी राबत होते. पुढे १२ जून १९०५ रोजी त्यांनी याच शहरात भारत सेवक समाजाची स्थापना केली.

सचोटीची माफी कशी असावी, याचा हा नमुना आहे, असे मला वाटते. जे सिद्ध करता येत नाही ते मी बोललो, एवढे एकच ओझे त्यांनी उचलले, आणि ते उचलताना दुसऱ्या कोणाचाही खांदा वापरला नाही. आणि तरीही हे प्रकरण वाचताना मन स्वस्थ होत नाही, कारण ही माफीसुद्धा वरच गेली. ज्यांच्या घरांत सैनिक शिरले, ज्यांची माणसे डोळ्यांदेखत नेली गेली, ज्यांच्या अब्रूबद्दल शहरभर कुजबुज झाली, त्यांची माफी कोणी मागितली? रँडचा खून झाला, चापेकर बंधू फाशी गेले, टिळक तुरुंगात गेले, गोखले नामोहरम झाले. सूडाचा, शिक्षेचा आणि अपमानाचा हिशेब झाला. पेठेतल्या एखाद्या घरात जाऊन ‘आमच्या माणसांनी तुमच्याशी असे वागायला नको होते’ असे म्हणणारा मात्र कोणी भेटत नाही. सत्तेला ते सुचत नाही, हे समजू शकते. पण आपल्यालाही त्याची उणीव फारशी जाणवलेली नाही.

त्याच वर्षी, त्याच साथीत, याच शहरात दुसरे एक माणूस खाली वाकून काम करत होते. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करत होत्या. स्पर्शाने काय होऊ शकते हे त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही, कारण दवाखाना त्यांच्या डॉक्टर मुलाचा, यशवंताचा, होता. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. गंज पेठेतल्या फुल्यांच्या वाड्याशी मी या गोष्टी जोडून पाहतो, तेव्हा त्या घराने केलेल्या कामाचा एक विशेष लक्षात येतो. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, १८६८ साली स्वतःच्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि १८७४ साली एका विधवेच्या मुलाला, म्हणजे याच यशवंताला, दत्तक घेतले. यांतल्या कोणत्याही कृतीत देणारा उंचावर उभा नाही. हौद खुला करणे म्हणजे घोटभर पाणी ओतून देणे नव्हे. वरून ओंजळीत पाणी ओतणाऱ्याचा हात वरच राहतो. हौद खुला केला की ज्याला तहान लागली तो स्वतः येतो आणि स्वतः पाणी काढतो, आणि मालकाला तेवढे मोठेपण सोडून द्यावे लागते. न बोलता केलेली ही माफीच होती, असे मला वाटते. आपण केलेल्या अन्यायाची नव्हे, आपल्या बाजूला असलेल्या सोयीची.

आता रोजच्या जगण्याकडे वळू. कोथरूडमधल्या एका सोसायटीत घडलेला प्रसंग मी जवळून पाहिला. एका घरातली अंगठी सापडेना. घरात धुणीभांडी करणाऱ्या मावशी बरीच वर्षे तिथे येत होत्या. त्यांना कोणी चोर म्हणाले नाही. आपण सुशिक्षित माणसे, तसे म्हणत नाही. खाली जाताना ‘मावशी, जरा पिशवी दाखवता का, सगळ्यांचीच बघतोय’ एवढेच त्यांना सांगण्यात आले आणि वॉचमनसमोर त्यांनी पिशवी उघडली. पिशवीत डबा, कंगवा आणि औषधाची एक पट्टी होती. तीन-चार दिवसांनी अंगठी वॉशिंग मशीनच्या मागे सापडली. बाईंना खरोखर वाईट वाटले. त्यांनी लक्ष्मी रस्त्यावरून चांगली साडी आणली आणि कारण न सांगता मावशींच्या हातात ठेवली. मावशींनी ती तिथेच ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, “साडी नको, ताई. पिशवी वॉचमनसमोर उघडायला लावलीत ना, मग आता जे काय सांगायचं ते बी त्याच्यासमोरच सांगा.”

मला हे वाक्य कोणत्याही नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभण्यासारखे वाटते. अपमान जिथे झाला, ज्यांच्या देखत झाला, तिथेच आणि त्यांच्याच देखत त्याची भरपाई व्हायला हवी. एप्रिल २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जवळपास हेच विचारले होते: वर्तमानपत्रांत छापलेली तुमची माफी तुमच्या जाहिरातींइतक्याच आकाराची आहे का? पानभर बढाई मारायची आणि कोपऱ्यात चिमूटभर खेद छापायचा, हे न्यायमूर्तींना पटले नाही. मावशींनी दिल्लीतला तो खटला ऐकला असण्याची शक्यता कमीच आहे. माप त्यांना आधीपासून ठाऊक होते.

त्या बाई संध्याकाळी खाली गेल्या, हे मला त्यांच्याबद्दल आवर्जून सांगितले पाहिजे, कारण अशा गोष्टींत सुखवस्तू घरातल्या बाईंना खलनायिका करून टाकणे फार सोपे असते. त्या मावशींना बरोबर घेऊन गेल्या आणि वॉचमनला म्हणाल्या, “अंगठी घरातच होती. यांची पिशवी तपासली ते चुकलं माझं.” त्यांचा आवाज चिरकला, वॉचमन ओशाळून ‘मला कुठं काय म्हणायचंय, मॅडम’ म्हणाला, मावशी काहीच बोलल्या नाहीत. सगळा प्रकार अवघडल्यासारखा झाला आणि दोन मिनिटांत संपला. साडीचे पुढे काय झाले, ते मी विचारले नाही.

ती साडी खोटी नव्हती, तिच्यामागचे वाईट वाटणेही खरे होते. अडचण अशी आहे की भेटवस्तू स्वीकारणाऱ्याला उलट कृतज्ञता व्यक्त करावी लागते. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला, त्यालाच शेवटी ‘कशाला एवढं’ म्हणून हसावे लागते. मोलकरणींच्या बाबतीत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. शहराच्या मध्यमवर्गाला तेव्हा धक्का बसला, कारण ‘आम्ही त्यांना घरच्यासारखे वागवतो’ अशी घराघरांत खात्री होती. घरच्यासारखे वागवणे म्हणजे दिवाळीला जुनी साडी, उरलेली भाजी आणि आजारपणात शंभराची नोट. त्यांचे मागणे मात्र पगारवाढीचे आणि हक्काच्या सुट्टीचे होते. दया आपल्या सवडीने करता येते, सुट्टी कॅलेंडरवर लिहावी लागते.

कचरा वेचणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीतही हेच दिसले. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. या स्त्रियांनी नागरिकांकडे एक साधी गोष्ट मागितली: वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे ते आम्हाला हाताने उलगडून पाहावे लागणार नाही. या मागण्यात दयेची याचना नाही. लाल ठिपका काढायला पैसे लागत नाहीत, औदार्य लागत नाही, कोणी आभार मानावेत अशी सोयही त्यात नाही. आपल्या घरातून बाहेर गेलेली वस्तू पुढे एका बाईच्या हातात पडणार आहे, एवढे क्षणभर आठवावे लागते. दयाळूपणाचा याहून चांगला नमुना मला तरी या शहरात सापडलेला नाही. तरी कितीतरी सुशिक्षित घरांतून ठिपका येत नाही. दिवाळीची पोस्त मात्र न चुकता येते.

आपल्या परंपरेत माफी कधी खाली उतरलीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. पुण्याच्या दोन बाजूंना दोन गावे आहेत, एकीकडे देहू आणि दुसरीकडे नगर रस्त्यावरचे वाघोली. वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी, शूद्राने वेदार्थ सांगू नये, या आग्रहापोटी तुकोबांना अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. वह्या तरल्या, हा भाग सगळ्यांना आवडतो. मला त्यानंतरचा भाग अधिक विलक्षण वाटतो. परंपरा सांगते की, रामेश्वर भट्टांच्या अंगाचा दाह होऊ लागला, तुकोबांनी त्यांना एक अभंग लिहून पाठवला आणि तो दाह शमला. दाहाचा अर्थ ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे लावावा. पण पुढे हेच शास्त्री त्या कुणब्याचे शिष्य झाले आणि त्यांनी तुकोबांची आरती रचली. तिच्या अखेरच्या कडव्यात ते स्वतःच्या नावानिशी सांगतात की, मी या चरणांवर मस्तक ठेवले आहे.

हे नाव घालणे मला फार मोठे वाटते. सतराव्या शतकातल्या विद्वान ब्राह्मणाने हे बंद दाराआड म्हणून भागवले असते, तरी त्याला कोणी दोष दिला नसता. त्यांनी ते आरतीत बांधले, आणि आरती ही चारचौघांत, टाळांच्या गजरात म्हणायची गोष्ट आहे. वारीच्या दिंड्यांत, देवळांत, कितीतरी घरांत ती आजही म्हटली जाते, आणि प्रत्येक वेळी एक जुना विरोधक आपल्या नावासकट पुन्हा वाकतो. वह्या बुडवण्याचा प्रकार गावापुढे झाला होता, वाकणे त्याहून मोठ्या गर्दीपुढे होते. मावशींच्या मापाने ही माफी पुरून उरते.

माफी मागितली की क्षमा मिळालीच पाहिजे, असाही आपला एक समज आहे, आणि वरून खाली येणाऱ्या माफीत तो फार जाच करतो. जैन घरांत पर्युषणाच्या अखेरीस वर्षभरातल्या चुकांबद्दल सर्वांची क्षमा मागण्याची रीत आहे. मार्केट यार्डातल्या पेढ्यांवर मालक त्या दिवशी दिवाणजीलाही हात जोडतो, हमालालाही जोडतो. मला ती रीत मनापासून आवडते, कारण तिला वर-खाली नाही. तरी त्या दिवशी हमालाने ‘नाही, शेठ, ती गोष्ट अजून सलते’ असे म्हणायचे ठरवले, तर त्याला ती मुभा असते का? बहुतेक वेळा नसते. मोठा माणूस वाकला, यातच लहानाने विरघळून जावे अशी अपेक्षा असते आणि क्षमा ही त्याच्याकडून वसूल केली जाते.

काही महिन्यांपूर्वी आमच्या शाळेच्या जुन्या तुकडीचा मेळावा झाला. मास्तर मंडळींना आग्रहाने बोलावले होते. जेवणाच्या आधी गणिताचे सर उठले. वय झालेले, हातात काठी. त्यांनी आमच्या वर्गातल्या एका मुलाचे नाव घेतले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की, चाचणीत कॉपी केल्याच्या संशयावरून मी याला वर्गात मारले होते, कॉपी दुसऱ्याने केली होती हे मला त्याच आठवड्यात कळले होते, आणि मी गप्प राहिलो, कारण मुलांपुढे चूक कबूल केली तर वर्ग हाताबाहेर जाईल अशी मला भीती होती. मग त्यांनी हात जोडले. सभागृहात हळहळ झाली, दोघी-तिघींनी डोळे पुसले. तो मित्र उठला आणि शांतपणे म्हणाला, “सर, तुम्ही बोललात ते बरं झालं. पण मला अजून राग आहे. घरीसुद्धा मार बसला होता त्या दिवशी.”

सर म्हणाले, “असणारच.” आणि खाली बसले.

नंतर आमच्या मंडळींत यावर बराच वाद झाला. एवढ्या म्हाताऱ्या माणसाने हात जोडल्यावर ‘जाऊ द्या हो, सर’ म्हणायला याचे काय जात होते, असे बहुतेकांचे म्हणणे पडले. एकाने त्याला उद्धटही ठरवले. मला ते पटले नाही आणि मी तसे म्हणालो. ‘जाऊ द्या’ म्हटले असते, तर तो पुन्हा एकदा शिक्षकांचे मन राखणारा विद्यार्थी झाला असता आणि माफीची दिशा पुन्हा उलटी फिरली असती. त्याने खरे उत्तर दिले, कारण त्या संध्याकाळी पहिल्यांदाच सर त्याच्याशी त्याच्या बरोबरीच्या जागेवरून बोलत होते. सरांना हे आमच्यापेक्षा चांगले कळले असावे. त्यांनी त्याला समजावले नाही, स्वतःच्या वयाचा आधार घेतला नाही, दुसऱ्यांदा हात जोडले नाहीत. माझ्या या बोलण्यावर कोणी फारसे सहमत झाले नाही, आणि तो मित्र स्वतः तर या वादात पडलाच नाही. जेवताना तो सरांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसला होता आणि त्यांच्याशी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल बोलत होता.